लाइट आली की रेंज जायची

“माझा डबा काय चोर हाय का, पुण्याला न्हेऊन लोकांम्होरं उभा करायला?”

दत्ता हे तिसऱ्यांदा विचारत होता आणि दर खेपेला त्याचा आवाज एक पट्टी वर चढत होता. रत्ना ओसरीवर मांडी घालून बसली होती. पुढ्यातल्या ताटात रेझिस्टर पसरलेले होते आणि तांदूळ निवडावेत तसे ती रंगाच्या पट्ट्या बघून ते जुन्या मसाल्याच्या डब्यातल्या वाट्यांमध्ये टाकत होती.

“चोर म्हणून न्हाई न्हेला. तपासायला न्हेला.”

“मला न इचारता?”

“इचारलं असतं तर न्हेऊ दिला असता का?”

दत्ता लेकीकडे वळला. “आन् तू गं? एमएस्सीच्या अ‍ॅडमिशनचं बघायला म्हणून हिच्यासंगं गेलीस ती?”

“अ‍ॅडमिशनचं पण बघितलं की, पप्पा. लॅबमध्ये मी फक्त इंग्लिश वाचायला होते,” ऋतिका म्हणाली. ओतूरच्या कॉलेजात ती बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होती. लॅबचा रिपोर्ट सकाळी तिच्याच फोनवर आला होता आणि त्यावरूनच हे सगळं पेटलं होतं. “आणि सगळ्यात नापास नाहीये तो. शॉकचं पास, आगीचं पास, लहरींचं पास. एकाच विषयात उडालाय.”

“येका इषयात उडाला तरी वरीस जातंच की,” दाराशी बसलेल्या तुकाबाई म्हणाल्या. त्या दत्ताच्या आई; त्यांच्या मांडीवर एक कोकरू होतं आणि त्याच्या तोंडात दुधाची बाटली.

“आई, तू मधी बोलू नको.”

“मग कडंला सरकून बोलती.”

“आठ वर्सं झाली!” दत्ता आता अंगणातल्या कोंबड्यांनाही ऐकू जावं असं बोलत होता. “दोनशे तेरा डबे हायेत माझे शिवारात. येक तरी जळाला? येकानं तरी कुणाला झटका दिला? सिम कंपनीचं, रिचार्ज ज्याचा त्याचा, घंटी वाजती, मोटार चालू व्हती. आता ह्यो कोण लॅबवाला मला सांगणार, तुझा डबा लायनीला जोडू नको म्हणून?”

“बाजारातनं आणल्यालं मेंढरू आपण त्याच दिशी वाघरीच्या जाळीत सोडतो का रं?” तुकाबाईंनी बाटली जरा वर धरली. “न्हाई. जाळीच्या भायेर पंधरा दिस बांधायचं. खोकतंय का, लंगडतंय का बघायचं, मग आत. दुसऱ्याचं बांधताना काय वाटत न्हाई. आपलं कुणी बांधलं की मातर राग येतो.”

“डबा म्हंजी मेंढरू न्हाई.”

“पर कळप सगळ्यांचाच हाय न्हवं?”

दत्तानं गाडीला किक मारली आणि तो दुकानाला निघून गेला. त्याचा चहा कठड्यावर तसाच राहिला. रत्नानं तो पिऊन टाकला. दूध घालून केलेला चहा फेकून द्यायचा तिचा स्वभाव नव्हता.

रत्ना मूळची डिंभ्याच्या वरच्या अंगाची. धरणाच्या काठावर मेंढरामागं वाढलेली, दहावी झालेली, अक्षर वळणदार. लग्न होऊन ओतूरजवळच्या या वाडीत आली तेव्हा सासऱ्यांनी बरीचशी मेंढरं विकून अडीच एकर घेतलं होतं आणि दत्ता ओतूरला मोटारी भरायला शिकत होता. जळालेल्या मोटारीची तांब्याची तार उलगडायची, नवी गुंडाळायची. तो काम घरी आणू लागला तसं नव्या नवरीनं बघून बघून वेढे मोजायला घेतले. पुढं दत्ताचे डोळे जवळचं पाहताना पाणावू लागले. मग सोल्डरिंगची गन तिच्या हातात आली आणि तिथंच राहिली. तिचा हात असा स्थिर की शेजारणी पोरींचे कान टोचायलाही तिच्याकडेच आणत.

आठ वर्षांपूर्वी दत्तानं मोबाईल स्टार्टर बनवला. घरात त्याला कुणी स्टार्टर म्हणत नसे, डबाच म्हणत. विहिरीवरच्या मोटारीशेजारी तो डबा लावायचा, आत एक सिम घालायचं. शेतीची लाइट या भागात आठवड्यात बदलून बदलून येते, कधी सकाळी, कधी भलत्याच वेळी. लाइट आली की डबा मालकाला फोन लावणार. मालकानं घरबसल्या डब्याला एक रिंग दिली की मोटार चालू. बाजारात कंपन्यांचे असे स्टार्टर होतेच, पण ते बिघडले की कुरिअरनं पाठवा आणि वाट बघा. दत्ताचा डबा बिघडला तर रत्नाला फोन करायचा.

“वहिनी, डबा मुका झालाय बघा.”

“हिरवा दिवा लुकलुकतोय का गप हाय?”

“लुकलुकतोय.”

“मग सिम काढा, पदराला... न्हाई, तुमी कशाला पदराला, धोतराला पुसा आन् परत घाला.”

निम्मे डबे असे फोनवरच बरे व्हायचे. मोटारीच्या भाषेत बोलणारी बाई म्हणून सुरवातीला लोक हसले. आता कुणाच्या घरी लग्न असलं तर पहिली पत्रिका दत्ताच्या नावानं येई आणि तोंडी आवतण रत्नाला.

दत्ताच्या डब्याची एक खासियत होती आणि ती तो प्रत्येक गिऱ्हाइकाला छाती पुढं काढून सांगायचा. “कंपनीचा डबा तीन येळा फोन लावतो आन् दमतो. माझा न्हाई दमत. तुमी उचलूस्तवर, न्हाई तर मोटार चालू व्हईस्तवर सोडत न्हाई.” सुरवातीला एका म्हाताऱ्याची झोप लागून ऊस तहानलेला राहिला होता, तेव्हापासून दत्तानं चिपमध्ये हे मुद्दाम बसवून घेतलं होतं. लोकांना ते फार आवडलं. माणसानं करावी तशी आठवण करतो, म्हणायचे.

गेल्या महिन्यात पारगावच्या बाजूचा कुंडलिक आला. घोड नदीवरच्या एका पाणीपुरवठा संस्थेचा तो सेक्रेटरी. संस्थेला एकदम चाळीस डबे हवे होते. “फक्त ते सर्टिफिकेट पायजे, दत्ताभाऊ. आमचा नवा इंजिनिअर म्हणतो, सिमची कुठलीबी वस्तू लोकांच्या फोनच्या जाळ्याला जोडायची तर तपासून पास झालेली पायजे. सरकारी नियमच हाय.” दत्ता म्हणाला, बघू. रत्नाला हे बघू चांगलं ठाऊक होतं. त्याचा अर्थ न्हाई असा होता. म्हणून तिनं दोन डबे उचलले, जुन्या स्वेटरमध्ये गुंडाळले आणि लेकीला घेऊन पुण्याची एसटी धरली.

भोसरीतली ती लॅब बाहेरून पतपेढीसारखी दिसत होती. आत एका पत्र्याच्या खोलीत खोटा टॉवर होता. खरा नव्हे, कपाटाएवढा, पण डब्याला तो खराच वाटणार. तपासणारा मुलगा नम्र होता, रत्नाला मॅडम म्हणत होता. त्यानं सोल्डर बघून विचारलं, “हे मशीनवर केलंय?” रत्नानं हात पुढं केला. “हे मशीन.” तो हसला आणि दुसरा डबाही उघडून बघितला. रत्नाला आपल्या भाकरीची कुणी तारीफ केल्यावर वाटायचं त्याहून बरं वाटलं.

मग त्यानं विचारलं, “समोरच्यानं फोन उचलला नाही तर हा किती वेळा लावतो?”

“उचलूस्तवर,” रत्ना अभिमानानं म्हणाली.

त्याचं हसू जागच्या जागी थांबलं. “आणि मध्ये किती थांबतो?”

“थांबतो कशाला? लगीच लावतो.”

त्यानं टेबलावरचे कागद ऋतिकापुढं सरकवले. यंत्रानं आपणहून फोन लावायचा तर किती वेळा लावावा, दोन खेपांत किती थांबावं, कुठं हार मानावी, याला मर्यादा होती. पानंच्या पानं. “माणूस दमतो, मॅडम, म्हणून नियम लागत नाही,” तो म्हणाला. “यंत्र दमत नाही. एक डबा असेल तर काही बिघडत नाही. पण एका टॉवरखाली असे पन्नास असले आणि सगळे एकाच मिनिटाला सुरू झाले, तर दुसऱ्या कुणाचा फोन कसा लागणार?”

परतीच्या एसटीत ऋतिका खिडकीला डोकं टेकून झोपली. चाकण गेलं, मंचर गेलं, रत्ना जागीच. वाडीच्या टॉवरखाली आपले डबे किती? तिनं बोटांवर मोजलं नाही, तिला पाठच होतं. एकसष्ट. लाइट सगळ्यांना एकाच क्षणी येते. एकसष्ट डबे एकदम फोन लावणार. ज्याला लावायचा तोही त्याच टॉवरखाली. आणि वाडीतलं कुणीही डब्याचा फोन उचलत नाही! उचलला की पैसे जातात हे जुन्या दिवसांतलं डोक्यात पक्कं बसलेलं. रिंग वाजली, लाइट आली, कळलं, झालं. मग माणूस धार काढणार, चूळ भरणार, चहा पिणार आणि सवडीनं उलटी रिंग देऊन मोटार चालू करणार. तोवर अर्धा तास डबा आपला लावतोय, लावतोय, लावतोय.

लाइट आली की रेंज जाते, हे वाडीत लहान पोरालाही माहीत होतं. विजेचा न् टॉवरचा काहीतरी छत्तीसचा आकडा असणार असं सगळे धरून चालले होते. दोन वर्षांपूर्वी कंपनीला अर्ज गेला होता, वीज आल्यावर आपला टॉवर बंद पडतो, त्वरित दुरुस्ती व्हावी. अर्ज रत्नाच्याच वळणदार अक्षरात होता. पहिली सही दत्ताची.

आणि गेल्या थंडीत, सकाळची लाइट होती तेव्हा, तुकाबाईंनी टेकाडावरून बिबट्या बघितला होता. घरी फोन लावत राहिल्या. लागला नाही. गडी माणसं पोचली तोवर एक कोकरू गेलं होतं. दत्तानं त्या दिवशी कंपनीला काय काय शिव्या दिल्या होत्या!

नारायणगाव येईपर्यंत रत्नानं ऋतिकाला उठवलं नाही. नंतर आठ दिवस ती घरातही काही बोलली नाही. आधी कागद येऊ दे, म्हणाली मनाशी.

आता कागद आला होता. दुपारी दत्ता जेवायला आला तेव्हा तिनं ताट वाढलं आणि समोर बसून सगळं सांगितलं, एसटीत मांडलं होतं तसंच, आकड्यासकट. कोकराचं तेवढं सांगितलं नाही.

दत्तानं घास खाली ठेवला. “कायतरीच. टॉवरची बॅटरी खराब हाय त्याला माझा डबा काय करणार?”

“मग बघू या की. सोपं हाय. उद्या सकाळी साडेनवाची लाइट हाय. मी सगळ्यांना सांगते, उद्याच्या दिवस पयल्या रिंगला फोन उचला. उचलला की डबा गप बसतो. रेंज गेली तर तुमचं खरं.”

“आन् न्हाई गेली तर?”

“तर तुमी जेवा आधी.”

संध्याकाळभर रत्ना फोनवर होती. मेसेज टाकून लोक वाचतीलच असं नाही, म्हणून एकेकाला आवाजानं सांगितलं. “भाऊ, डब्याची तपासणी हाय. उद्या येकदाच रिंग उचला. न्हाई, पैसे न्हाई जात. न्हाई ओ, गेले तर माझ्याकडून घ्या.” बयाबाई म्हणून एक म्हातारी होती, तिनं विचारलं, “उचलून बोलायचं काय त्याच्याशी?” रत्ना म्हणाली, “राम राम म्हणा आन् ठेवा.”

दुसऱ्या दिवशी दत्ता दुकानाला गेला नाही. काम असल्यासारखा ओसरीवर पकड घेऊन बसला. तुकाबाई मेंढरं घेऊन टेकाडावर गेल्या होत्या. त्यांना कुणी काही सांगितलेलं नव्हतं. साडेनऊ झाले. घरातला पंखा गरगरला, शेजारच्या पत्र्यावरचा दिवा पेटला, लाइट आली. दत्तानं फोन हातात घेतला. रेंजच्या काड्या होत्या त्या एकदम पडल्या.

“बघ,” तो म्हणाला.

“थांबा जरा.”

एक मिनिट गेलं, दोन गेली. कुठंतरी एक मोटार बोलू लागली, मग तिच्यापलीकडची. मग दत्ताच्या हातातला फोनच वाजला. त्यानं दचकून कानाला लावला. रत्नालाही ऐकू येत होतं, कारण तुकाबाई फोनवर टेकाडावरून टेकाडावर बोलावं तशा बोलत.

“आरं दत्ता, आज लाइट न्हाई आली का रं?”

“आलीय की.”

“मग रेंज कशी काय हाय?”

दत्तानं फोन ठेवला. पकडीचा जबडा उघडझाप करत राहिला. ऋतिकाचं तोंड हसू दाबून लाल झालं होतं, पण तिला आईनं डोळ्यांनी दटावलं.

“चिप बदलाया किती येळ लागंल?” शेवटी त्यानं विचारलं.

“चिप नाही बदलायची, पप्पा. आतला प्रोग्रॅम. तीनदा लावायचा, मध्ये थांबायचं, मग गप. मी लॅपटॉपवर करते, एका डब्याला दहा मिनिटं.”

“तीनदाच? कंपनीच्या डब्यावानी?” हे त्याला बिबट्यापेक्षा जास्त लागलं असावं. पण तो उठला आणि स्वतःच दोन नवे डबे खोलून लेकीपुढं ठेवले.

चार दिवसांत ते दोन डबे परत भोसरीला गेले, या खेपेला दत्ताच्या मांडीवरून. तो लॅबमध्ये तीन तास बसला आणि घरी येऊन त्या खोट्या टॉवरचं इतकं कौतुक केलं की जणू त्यानंच तो बनवला होता. “पास निघंल म्हणतो लॅबातला पोरगा. बाकीच्या कागदाला जाईल थोडा येळ.”

कुंडलिक रविवारी आला. चहा पिता पिता त्यानं सगळी हकीगत ऐकली आणि मांडीवर थाप मारून हसला. “म्हंजी टॉवर तुमीच पाडत व्हता व्हय, दत्ताभाऊ? आन् अर्ज बी तुमीच केला? लई भारी राव!” मग आवाज खाली आणला. “आता हे भायेर बोलू नका. आमचे चाळीस नव्या पद्धतीनं करा, सर्टिफिकेट लावा, विषय संपला. जुन्यांचं कोण इचारतंय? हळूहळू खराब व्हतील तसे बदला.”

दत्ताचा चेहरा आठवड्यात पहिल्यांदा सैल झाला. रत्नानं ते बघितलं आणि कप उचलून आत गेली.

कुंडलिकची गाडी दूर गेल्यावर दत्ता तिच्या मागं स्वयंपाकघरात आला. “बोलतोय त्यात काय चूक न्हाई. दोनशे तेरा जणांच्या दारात जाऊन सांगायचं, रेंज माझ्यामुळं जात व्हती? लगीनघरात तोंड दाखवता येईल का मला? पोरंटोरं नाव ठेवतील, टॉवरपाड्या म्हणून.”

“ठेवतील. महिनाभर.”

“आन् दुसरं...” तो दाराकडे बघून हलकेच म्हणाला, “आईला ते कोकराचं सांगू नको. फोन न लागल्याचं.”

म्हणजे तिनं न सांगितलेला कोकराचा हिशेब त्यानंही कधीतरी एकट्यानं केला होता. रत्नाला त्याच्याबद्दल एकदम फार माया वाटली आणि तरी तिनं मान हलवली नाही.

“मला कशाला सांगायचं?” ओसरीवरून आवाज आला. तुकाबाई दाराशी लोकरीचा गुंता सोडवत बसल्या होत्या आणि त्यांचे कान शाबूत होते. “फोन मीच लावत व्हते न्हवं? ज्या दिशी रेंज आली त्या दिशीच कळलं मला. कोकरू गेलं ते गेलं. पर अजून साठ घरं त्याच टॉवरखाली हायेत, आन् बिबट्या काय फक्त आपल्याच टेकाडावर येतो व्हय?”

रत्नानं तव्यावरची भाकरी उलटली, ती टम्म फुगली. तिनं ताटं घेतली. पिठलं वाढलं, कांदा फोडला, सासूला मऊ भाकरी मोडून दिली, ऋतिकाला फोन बाजूला ठेवायला लावला. दत्ता खाली मान घालून जेवत होता. दुसरी भाकरी त्यानं मागितली नाही, पण तिनं वाढल्यावर ताटही मागं ओढलं नाही.

सगळ्यांच्या ताटात पडल्यावर ती स्वतः बसली. पदरानं हात पुसले आणि पाणी किती भरायचं ते सांगावं तशा आवाजात बोलली.

“उद्यापासनं नवा डबा करायचा न्हाई. कुंडलिकभावजींचे चाळीस थांबतील, मी त्यांना सकाळी फोन करते. आधी शिवारातले दोनशे तेरा काढून आणायचे, प्रोग्रॅम बदलायचा आन् जाग्यावर परत लावायचे. वाडीतले एकसष्ट पयले. काढायला ह्ये जातील, बसवायला मी जाईन. कशाला काढता म्हणून कुणी इचारलं, तर रेंज आमच्या डब्यानं जात व्हती म्हणून सांगायचं.”